चौथा भिडू दुसरा मिळेल

ताई, मी ४७ वर्षांची आहे. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही. समोर राहणाऱ्या मैत्रिणीकडे दर शनिवारी संध्याकाळी पत्त्यांचा डाव असतो. दोन वर्षांपूर्वी त्यांना चौथा भिडू कमी पडला म्हणून मी गेले, ती अडकलेच. मला पत्त्यांत काडीचाही रस नाही. मैत्रीण मनाने चांगली आहे, पण भारी आग्रही. नकार म्हणून तिला कळतच नाही. गेल्या शनिवारी डोकं दुखतंय म्हणून कळवलं आणि दिवे न लावता बसून राहिले, कारण तिच्या खिडकीतून आमची खोली दिसते. तर तिने डाव रविवारवर ढकलला! शेवटी गेलेच. तिला न दुखावता यातून सुटू कशी?
– अडकलेली

तुमच्या मूळ पत्रात मैत्रिणीच्या आग्रहावर दीड पान आहे आणि दिव्यांवर हे एवढंच अर्धं वाक्य. तुम्ही त्यावरून सुळकन पुढे गेलात. मला काही जाता येईना.

अहो, ती संध्याकाळ तुम्हाला मिळाली होती! पत्ते नाहीत, गप्पा नाहीत, कुणी वाट बघत नाही. दोन वर्षं जे हवं होतं ते हातात आलं आणि ते तुम्ही स्वतःच्याच घरात चोरासारखं बसून घालवलंत. वाचायचं तर उजेड नाही. फोन बघायचा तर तो पांघरुणाखाली. असल्या सुटकेपेक्षा पत्ते परवडले.

तुम्हाला नाही म्हणता येत नाही, हे मला पटलेलं नाही. तुम्ही म्हणालात की. फक्त स्वतःच्या तोंडाने न म्हणता डोकेदुखीला पुढे केलंत. आणि डोकेदुखीला समजूतदार माणूस काय उत्तर देतो? ‘आराम कर, उद्या खेळू.’ तिने तेच केलं. तुमच्यासाठी तिघींचा शनिवार मोडला, आणि तुम्ही त्याला आग्रह म्हणता. तिला नकार कळत नाही म्हणे! तो तिला मिळाला कधी? दोन वर्षं तिला सबबी मिळताहेत, आणि सबब ऐकली की माणूस तिच्यावर इलाज शोधतो.

तुमची दया यावी असं पत्र आहे, पण मला त्या तिघींची येते. त्यातली एक दर डावाला तुमची जोडीदार असते. तुम्ही हुकूम विसरता, गेलेली पानं लक्षात ठेवत नाही, घड्याळाकडे बघता. हे तिला दिसत नसेल असं वाटतं तुम्हाला? तरी त्या दुसरं कुणी शोधणार नाहीत, कारण ती जागा तुम्ही अडवून ठेवली आहे.

राहिलं दुखावण्याचं. ज्युलियन गिवी आणि कॉलीन कर्क या दोन संशोधकांनी २०२३ साली नेमका हाच विषय घेतला होता. निमंत्रण नाकारणाऱ्याला जेवढं वाटतं, तेवढं ते बोलावणाऱ्याला लागत नाही, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. नाकारणारा धरूनच चालतो की समोरचा फक्त नकार कवटाळून बसेल. प्रत्यक्षात त्यामागे आपण काय विचार केला असेल, हेही समोरचा बघतो. म्हणजे तुम्ही अंधारात बसून ज्या मैत्रिणीला घाबरलात, ती बरीचशी तुम्हीच रचलेली होती.

तेव्हा आता एकच करा, आणि शनिवारच्या आत करा. तिच्याकडे जा आणि सांगा, ‘मी पत्ते खेळणं थांबवतेय. मला त्यात रस नाही, कधीच नव्हता. तुम्ही दुसरा भिडू बघा.’ बस्. पाठदुखी, ऑफिस, नवऱ्याची तब्येत यातलं काहीही त्याला जोडू नका. पाठ बरी होते, काम संपतं. रस नसण्यावर औषध नाही, हीच त्यातली मजा. आणि भरपाई म्हणून ‘त्याऐवजी आपण दोघी फिरायला जाऊ’ असंही म्हणू नका, मनापासून जायचं नसेल तर. नाहीतर सहा महिन्यांनी त्या फिरण्याबद्दल मला पत्र येईल.

खरं सांगून टाकलंत की शनिवार तर सुटेलच, पण शुक्रवारही सुटेल. सबब जुळवण्यात जातो तो. मागच्या वेळी कुठलं दुखणं सांगितलं होतं हे आठवायला नको. शनिवारी मग काय करायचं, हे आत्ता ठरवू नका. तुमच्यासारख्या बायका रिकामी वेळ दिसली की लगेच कुठला तरी क्लास लावून मोकळ्या होतात.

ती विचारेल, ‘मग दोन वर्षं आलीस कशाला?’ सांगा, भिडेपोटी. ऐकायला जरा ओशाळवाणं आहे, चालेल. ती फुगेलही, कदाचित महिनाभर. फुगू द्या, सारवासारव करायला धावू नका. तेवढ्यात धीर सुटून ‘बरं, या एका शनिवारी येते’ म्हणालात, तर पुढच्या वेळी तिला तुमचा नकार खरोखरच कळणार नाही, आणि मग मला तिची बाजू घेऊन तुम्हाला उत्तर लिहावं लागेल.