लाकडी टेबलाचा टॉप आणि पाय पक्के जोडायचे तर स्क्रू बरे की फेविकॉल?

पायांना फेविकॉल हवाच, टॉपला थेंबभरही नको. झालं उत्तर. पण तुम्ही लिहिलंय की टेबल हलतं, टॉप अस्सल सागवानी आहे, तीन फूट रुंद, आणि मिस्त्री म्हणतोय, "खालून सगळीकडे फेविकॉल लावून एल पट्ट्या (धातूच्या काटकोनी पट्ट्या) मारतो, जन्मात हलणार नाही." हेच वाक्य आमच्या ताईच्या घरात बोललं गेलं होतं, म्हणून एवढं लिहायला बसलो.

माझे वडील सुतार, देवरूखकडचे. ताई लग्न होऊन नागपूरला गेली तेव्हा त्यांनी तिला फणसाचं जेवणाचं टेबल करून दिलं. फळ्या माळ्यावर कित्येक वर्षं पडून ठणठणीत वाळलेल्या. पायांना खाचा, पायांना जोडणाऱ्या आडव्या लाकडी पट्ट्यांना कुसू (म्हणजे खाचेत बसणारी जीभ), फेविकॉल लावून ठोकून बसवलेले. त्या सांगाड्यावर दोघं उभे राहिले असते तरी करकरला नसता. टॉप मात्र त्यावर नुसता ठेवून आतून लाकडी ठोकळ्यांनी धरलेला. टेबल टेम्पोतून पाठवताना ते भावोजींना म्हणाले होते, "जावईबापू, वरचा पाट आवळू नका. तो कमी-जास्त होतो."

भावोजी सिव्हिल इंजिनियर. त्यांनी एकदा वाकून खाली बघितलं, ठोकळे आणि पट्टी यांच्यामध्ये फट दिसली, आणि निकाल दिला: "काम लूज आहे, गावाकडची पद्धत." तेव्हा घरात किचन ट्रॉलीचं काम चालू होतं. त्याच कॉन्ट्रॅक्टरकडून त्यांनी ठोकळे काढवले, पट्ट्यांच्या वरच्या कडेला फेविकॉल ओतवला आणि चारही बाजूंनी एल पट्ट्या मारून घेतल्या. टेबल खरंच दगडासारखं झालं. पुढच्या मे महिन्यात घर बंद करून सगळे कोकणात आले. परत गेले तर टॉपला आरपार भेग, पोस्टकार्ड उभं राहील एवढी.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, भेग आधीचीच होती. भावोजी म्हणाले, लाकूड कच्चं होतं. वडिलांनी फोन ठेवला आणि पुढे कधी त्यावर बोलले नाहीत. मी बोलतो. फणसाचं लाकूड नवं कापलेलं असताना हळदीसारखं पिवळं असतं, उजेडात राहून तपकिरी होत जातं. ते टेबल वरून चांगलं गडद झालं होतं आणि भेग आतून पिवळीधमक होती. जुनी भेग अशी दिसते का? शिवाय फळीला फळी जोडली होती तो सांधा शाबूत, फाटलं ते लाकूड, तेही बरोबर एल पट्टीच्या स्क्रूपासून. आणि लाकूड कच्चं असतं तर आधीचे नागपुरी उन्हाळे त्याने ठोकळ्यांवर कसे काढले?

पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं ते ज्या कारणाने, तेच हे. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि त्यामुळे रेषांच्या आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीत, वाढतं-आटतं. लांबीत जवळजवळ काहीच होत नाही. तीन फुटांचा टॉप वर्षभरात एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सहज हलतो. सागवान त्यातल्या त्यात शहाणं, कमी हलतं, पण हलतं. खालच्या आडव्या पट्टीच्या रेषा मात्र तिच्या लांबीच्या दिशेने असतात, म्हणून ती जागची सरकत नाही. दोघांना चिकटवून टाकलं की आटताना टॉपला फाटण्यावाचून मार्ग उरत नाही.

आता ठोकळे. पट्टीच्या आतल्या अंगाला, वरच्या कडेपासून चारेक सूत खाली, खाच पाडायची. ठोकळ्याला त्या खाचेत जाईल अशी अर्ध्या इंचाची जीभ काढायची. लाकडाच्या रेषा जिभेच्या दिशेनेच ठेवा, नाहीतर ती कट्कन तुटते. ठोकळा टॉपला स्क्रूने धरायचा, पट्टीला नाही. आवळण्याआधी ठोकळा आणि टॉप यांत जाड कागदाएवढी फट राहिली पाहिजे, मग स्क्रू टॉपला खाली ओढतो. पावसाळ्यात बसवत असाल तर लांब बाजूच्या ठोकळ्यांची जीभ पूर्ण आत घाला, कारण टॉप पुढे आटणार आणि जीभ थोडी बाहेर येणार. उन्हाळ्यात बसवत असाल तर उलट, पुढे दोन सूत जागा सोडा. स्क्रूला आधी भोक पाडा आणि लांबी मोजून घ्या. इंची टॉपला वर टोक निघालेलं मी पाहिलंय.

एल पट्ट्याच वापरायच्या असतील तर लांबट भोकांच्या घ्या. भोकाची लांबी टॉपच्या रुंदीच्या दिशेने ठेवा आणि स्क्रू वॉशर घालून मारा.

तुमचं टेबल हलतं ते टॉपमुळे नाही, हे बाकी नक्की. पाय आणि पट्टी यांचा सांधा ढिला असणार. तो उघडून, जुना फेविकॉल खरवडून पुन्हा चिकटवा आणि चारही कोपऱ्यांत तिरका ठोकळा बसवा. सागवानात तेल असतं, म्हणून चिकटवण्याच्या जरा आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. टॉप आवळून पाय घट्ट होतात हा इंजिनियर लोकांचा समज.

हो, एक राहिलं. टॉप प्लायचा किंवा एमडीएफचा असेल तर हे सगळं विसरा. तो फारसा हलत नाही, खुशाल चिकटवा आणि हव्या तितक्या एल पट्ट्या मारा. तुमचा मिस्त्री "आम्ही इतकी वर्षं असंच करतोय" म्हणेल, ते खोटं नसेल. तो प्लायवर करत आलाय.