गणवेशातला डॉक्टर आणि क्रेझी हॉर्स

प्रश्न : डॉक्टर, गेल्या अंकात तुम्ही लिहिलं होतं, की लढाईत जखमी झालेल्या शत्रूवर उपचार करणं हे सैन्यातल्या डॉक्टरचं कर्तव्यच असतं. माझे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. ते वाचून म्हणाले, "उपचार करणं वेगळं. पण त्याला मैत्री म्हणू नकोस. गणवेश अंगावर असताना शत्रूशी मैत्री होत नसते." अमेरिकेतल्या सू जमातीचा नेता क्रेझी हॉर्स आणि एक लष्करी डॉक्टर यांच्या मैत्रीविषयी मी मागे कधीतरी वाचलं होतं. ती मैत्री खरी होती, की नंतर कुणी रचलेली गोष्ट आहे?
– एक वाचक, वानवडी, पुणे

उत्तर : तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मीही आयुष्यभर तोच गणवेश घातला, त्यामुळे ते कुठून बोलताहेत ते मला कळतं. तरी मला वाटतं, ती मैत्री खरी होती.

त्या डॉक्टरचं नाव व्हॅलेंटाइन मॅकगिलीकडी. जन्म 1849 चा. शिक्षण वैद्यकाचं, पण सुरुवातीची काही वर्षं त्याने जमीन मोजण्याचं काम केलं. 1876 मध्ये तो अमेरिकी लष्कराच्या जनरल क्रुक यांच्या, सू लोकांवर चालून गेलेल्या फौजेबरोबर गेला तो करारावरचा सर्जन म्हणून. म्हणजे पगार लष्कराचा, काम लष्कराचं, पण कायमची सनद नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

17 जून 1876 ला रोझबड नदीकाठी क्रुक यांच्या फौजेला सू आणि शायेन या जमातींच्या योद्ध्यांनी रोखलं. समोरच्या बाजूला क्रेझी हॉर्स होता आणि या बाजूला मॅकगिलीकडी जखमींच्या मलमपट्ट्या करत होता. आठच दिवसांनी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर आणि त्याची तुकडी मारली गेली. सप्टेंबरपर्यंत क्रुक यांच्या सैनिकांची उपासमार होऊन स्वतःचे घोडे मारून खायची वेळ आली होती. त्याच अवस्थेत त्यांनी 9 सप्टेंबरला स्लिम ब्यूट्सच्या सू वस्तीवर हल्ला केला. तिथला वयस्क म्होरक्या अमेरिकन हॉर्स पोटात गोळी लागल्यावर घळीतून बाहेर आला. एका हाताने आतडी आत दाबून धरलेली, दातांत लाकडाचा तुकडा, तोंडातून आवाज नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत मॅकगिलीकडी होता. म्होरक्या त्याच रात्री गेला. 1876 मध्ये पोटातल्या अशा जखमेवर डॉक्टरच्या हातात वेदना कमी करण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. लिस्टरची जंतुनाशक पद्धत येऊन जेमतेम नऊ वर्षं झाली होती, आणि माळरानावरच्या तंबूपर्यंत ती कुठली पोचायला!

आता मैत्रीकडे येते.

6 मे 1877 ला क्रेझी हॉर्स सुमारे 900 माणसं घेऊन नेब्रास्कातल्या कॅम्प रॉबिन्सन या लष्करी ठाण्यावर शरण आला. लढाईत हरून नव्हे. रानगवे संपत आले होते, हिवाळा उपाशीपोटी गेला होता, बायकामुलांचे हाल त्याला बघवत नव्हते. मॅकगिलीकडी तेव्हा त्याच ठाण्यावर डॉक्टर होता. क्रेझी हॉर्सची बायको ब्लॅक शॉल क्षयाने आजारी होती. त्यांची एकुलती एक मुलगी त्याआधीच लहानपणी गेली होती. डॉक्टर ब्लॅक शॉलला तपासायला ठाण्यातून त्यांच्या वस्तीवर जाऊ लागला.

इथे मी जरा थांबते, कारण डॉक्टर म्हणून मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. क्षयाचा जंतू कॉकने शोधला 1882 मध्ये. स्ट्रेप्टोमायसिन आलं त्यानंतर साठेक वर्षांनी. म्हणजे 1877 मध्ये त्या डॉक्टरच्या पेटीत या रोगावरचं औषध नव्हतंच. त्या काळी काय देत? कॉड माशाचं तेल, खोकल्याची उबळ थांबवायला अफूचा अर्क, आणि चांगलं खा, विश्रांती घ्या हा सल्ला. रेशनच्या पिठावर आणि मांसावर दिवस काढणाऱ्या वस्तीत 'चांगलं खा' याला काय अर्थ उरतो ते तुम्हीच सांगा. तरी तो जात राहिला. ज्यांनी क्षयाचे जुने रुग्ण पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे, की औषध नसताना डॉक्टरने पुन्हा पुन्हा घरी येणं हाच निम्मा उपचार असतो. ती बाई नवऱ्यामागे अनेक वर्षं जगली.

क्रेझी हॉर्स गोऱ्यांशी फार बोलत नसे. स्वतःच्या माणसांतही तो एकटा फिरणारा म्हणूनच ओळखला जाई. या डॉक्टरशी मात्र तो बोलायचा. डॉक्टरने फोटो काढून घेण्याविषयी विचारलं तेव्हा त्याने नकार दिला. माझी सावली माझ्यापासून काढून घेऊन माझं आयुष्य का कमी करतोस, अशा अर्थाचं त्याचं उत्तर डॉक्टरने पुढे सांगितलं आहे. क्रेझी हॉर्सचा खात्रीने त्याचाच म्हणावा असा एकही फोटो आज नाही. त्या डॉक्टरने आग्रह धरला असता, चोरून कॅमेरा लावला असता, तर कदाचित असता. मला तो नसलेला फोटोही मैत्रीचा पुरावा वाटतो.

उन्हाळ्यात ठाण्याचं वातावरण बिघडत गेलं. क्रेझी हॉर्सचं लोकांवरचं वजन वाढतंय म्हणून इतर म्होरके अस्वस्थ, तो जनरल क्रुकला मारणार अशा अफवा, आणि सतत घाबरलेले अधिकारी. 4 सप्टेंबरला त्याला पकडायला सैन्य निघालं. तो आजारी बायकोला घेऊन जवळच्या स्पॉटेड टेल एजन्सीत, म्हणजे जमातींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी ठाण्यावर, गेला. तिथला अधिकारी लेफ्टनंट ली याच्या शब्दावर दुसऱ्या दिवशी, 5 सप्टेंबरला, तो आपल्या पायांनी परत आला. बोलणी होतील असं त्याला वाटत होतं. त्याला नेलं ते थेट कोठडीकडे. गज दिसल्यावर तो उसळला. त्याचाच जुना सोबती लिटल बिग मॅन त्याचे हात धरून होता, आणि झटापटीत पहारेकऱ्याची संगीन त्याच्या कमरेच्या वर घुसली. मॅकगिलीकडी काही पावलांवर उभा होता.

त्याने वाकून नाडी पाहिली आणि त्याला कळून चुकलं. किडनीच्या बाजूला खोल गेलेली संगीन म्हणजे आतल्या आत रक्तस्राव. त्या काळात रक्तगटही माहीत नव्हते, ते लँडस्टायनरने 1901 मध्ये दाखवले. आज अशी जखम अर्ध्या तासात आमच्या ऑपरेशन टेबलावर आली तर आम्ही लढू शकतो. त्याच्याकडे फक्त मॉर्फिन होतं.

पण पुढचं पाऊल त्याने डॉक्टर म्हणून नाही, मित्र म्हणून उचललं असं मी मानते. हुकूम होता, कैद्याला कोठडीतच टाका. आजूबाजूला शेकडो सशस्त्र योद्धे, अर्धे संतापलेले. डॉक्टर ठाण्याच्या प्रमुखाकडे, ब्रॅडलींकडे गेला आणि म्हणाला की हा माणूस मरतो आहे, याला कोठडीत टाकू नका. नकार आला. तो पुन्हा गेला. शेवटी जखमीला कोठडीऐवजी ठाण्याच्या कचेरीत न्यायची परवानगी मिळाली. तुमच्या वडिलांना विचारा, सगळ्यांसमोर दिलेला कमांडिंग ऑफिसरचा हुकूम बदलून घ्यायला दुसऱ्यांदा दार ठोठावणं म्हणजे काय असतं! त्यातून करारावरचा डॉक्टर, त्याचा करार एका सहीने संपला असता.

कचेरीत क्रेझी हॉर्सने खाटेवर झोपायला नकार दिला. जमिनीवरच पडून राहिला. खोलीत त्याचे म्हातारे वडील, टच द क्लाउड्स नावाचा, सूंच्या मिनिकोंजू शाखेचा धिप्पाड म्होरका आणि डॉक्टर. डॉक्टर अधूनमधून मॉर्फिन देत होता. मध्यरात्रीच्या थोडं आधी सगळं संपलं. लाकोटा, म्हणजे क्रेझी हॉर्सच्या शाखेच्या सू लोकांत या डॉक्टरला पुढे क्रेझी हॉर्सचा मित्र म्हणूनच ओळखत. हे नाव त्याला वॉशिंग्टनने दिलेलं नव्हतं.

आता जे तुमच्या वडिलांच्या बाजूचं आहे तेही सांगायला हवं, नाहीतर ही भाबडी कथा होईल. क्रेझी हॉर्स ज्या ब्लॅक हिल्ससाठी लढला ते डोंगर 1868 च्या फोर्ट लॅरामी तहाने सू लोकांचे होते. 1874 मध्ये तिथे सोनं सापडलं. 1875 मध्ये सरकारने सोन्याचा अंदाज घ्यायला जी मोहीम पाठवली तिच्यात नकाशे काढायला हाच मॅकगिलीकडी होता. फेब्रुवारी 1877 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, कायदा करून ते डोंगर काढून घेतले. ब्लॅक शॉलची नाडी पाहणारा तोच हात आधी त्या डोंगरांचा नकाशा काढत होता. (1980 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने या जमिनीपोटी 10 कोटी डॉलरच्या वर भरपाई मंजूर केली. सू लोकांनी ती अजून घेतलेली नाही, त्यांना डोंगर हवे आहेत.)

पुढे 1879 ते 1886 तो पाइन रिज आरक्षणाचा, म्हणजे सू लोकांसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशाचा, सरकारी एजंट झाला आणि तिथे रेड क्लाउड या ज्येष्ठ नेत्याशी त्याचं कायम भांडण. रेड क्लाउडने त्याला हटवा म्हणून वॉशिंग्टनला तक्रारींवर तक्रारी केल्या. मॅकगिलीकडी हट्टी होता. या लोकांनी शेती करावी, मुलांना शाळेत घालावं, जुनं सोडावं, यातच त्यांचं भलं आहे हे त्याच्या मनाने घेतलं होतं, आणि त्यांना स्वतःला काय हवं हा प्रश्न त्याला फारसा पडला नाही. दुसरीकडे, आरक्षणात सैन्य आणण्याऐवजी त्याने लाकोटा तरुणांचंच पोलीस दल उभं केलं. 1890 मध्ये घोस्ट डान्स या धार्मिक नाचाची लाट आली आणि सगळे घाबरले असताना, सैन्य मागे घ्या, लोकांना नाचू द्या, असा सल्ला त्याने दिला. ऐकलं नाही. 29 डिसेंबरला वुंडेड नी इथे सैन्याने लाकोटा लोकांची कत्तल केली.

मग मैत्री आणि सरकारी नोकरी एका माणसात कशी राहते? आपल्या पुण्यातच पाहा. 12 जानेवारी 1924 च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातला कैदी मोहनदास गांधी ससून हॉस्पिटलच्या टेबलावर होता, अपेंडिक्स झालेलं. शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, म्हणजे ज्या सरकारने गांधीजींना आत टाकलं त्याच सरकारचे लष्करी डॉक्टर. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरं झालं. गांधीजींनी आधीच, डॉक्टरांवर आपला पूर्ण विश्वास आहे, असं निवेदन सही करून दिलं होतं. त्या सहीने साम्राज्य हललं नाही, आणि मॅडॉक यांनी राजीनामाही दिला नाही. पण त्या टेबलापाशी दोघांमध्ये जे होतं ते खोटं होतं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. वडिलांना हे जरूर वाचून दाखवा, आणि त्यांचं मत मला कळवा. विरोधी असलं तरी पुढच्या अंकात छापायला सांगेन.

मॅकगिलीकडी 1939 मध्ये गेला. त्याच्या अस्थी ब्लॅक हिल्सच्या सर्वांत उंच शिखरावर ठेवल्या आहेत. त्या शिखराचं नाव तेव्हा हार्नी होतं. सू लोकांवर तलवार चालवणाऱ्या एका सेनानीचं ते नाव 2016 मध्ये काढून शिखराला ब्लॅक एल्क या लाकोटा साधुपुरुषाचं नाव दिलं गेलं.

प्रश्न : अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर गोरेच डॉक्टर उपचार करत असत का? त्यांच्यात कुणी डॉक्टर झालं नाही का? मी नीटची तयारी करते आहे म्हणून विचारते.
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर, पुणे

उत्तर : झाले, आणि लवकर झाले. वुंडेड नीच्या जखमींना पाइन रिजच्या चर्चमध्ये, नाताळची सजावट अजून तशीच असताना, ज्याने तपासलं तो डॉ. चार्ल्स ईस्टमन स्वतः डाकोटा सू होता. त्याच वर्षी तो बोस्टनहून डॉक्टर होऊन आला होता.

पण तुला मी सुझन ला फ्लेशविषयी सांगते. ती ओमाहा जमातीची. लहानपणी तिने एका आजारी म्हातारीजवळ बसून पाहिलं, की एजन्सीच्या डॉक्टरला पुन्हा पुन्हा निरोप गेले आणि तो आला नाही. म्हातारी सकाळपर्यंत गेली. मॅकगिलीकडीची गोष्ट वाचताना ही गोष्ट शेजारी ठेवायला हवी, कारण आरक्षणांवर येणारे डॉक्टर थोडे आणि न येणारे पुष्कळ. सुझन फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये 1886 च्या शरद ऋतूत दाखल झाली. त्याच कॉलेजातून त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या होत्या. काही महिन्यांच्या फरकाने दोघींची चुकामूक झाली. आनंदीबाई फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात गेल्या, त्याच क्षयाने, आणि प्रॅक्टिस करायला त्यांना वेळच मिळाला नाही. सुझन 1889 मध्ये वर्गात पहिली आली आणि गावी परतली. घोडागाडीतून, बर्फातून, मैलोन्मैल फिरून तिने शेकडो कुटुंबं सांभाळली. पाणी पिण्याच्या सामायिक पेल्यामुळे क्षय पसरतो हे ती घरोघर सांगत असे. 1913 मध्ये नेब्रास्कातल्या वॉल्टहिल गावी तिने स्वतः पैसे जमवून हॉस्पिटल उभं केलं. तिथे गोरे आणि ओमाहा, दोन्ही रुग्णांना दार उघडं होतं.

अभ्यास चालू ठेव. बायोलॉजीत श्वसनसंस्थेचा धडा आला की या दोघींची नावं समासात लिहून ठेव.