गावातल्या हायस्कुलात टिंकरिंग लॅब नाही, मग मुलांनी हाताने करून शिकायचं कुठे?

तुम्ही विचारलंय की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या तुमच्या गावच्या हायस्कुलात टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू जोडून-मोडून शिकायची प्रयोगशाळा, नाही, मुलगी आठवीत आहे आणि पणजीला पाठवणं परवडणारं नाही, तर काय करावं. मी याच भागात विज्ञान शिकवते, म्हणून लिहिते.

आधी शाळेत काय आहे ते विचारा. गोव्यात सहावी ते आठवीला 'केअर्स' योजनेतून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवतात, सरकारी आणि अनुदानित दोन्ही शाळांत. अटल टिंकरिंग लॅब ही नीती आयोगाची वेगळी योजना, २०१६ पासूनची. तिच्यात शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅब जाहीर झाल्या, पण त्या सरकारी शाळांसाठी. आपल्याकडची बरीच हायस्कुलं संस्थांची, अनुदानित. ती मागे राहता कामा नयेत, असं मला मनापासून वाटतं.

मात्र लॅब आली की मुलांना ती मिळतेच असं नाही. दीडला शाळा सुटते, दारात बालरथ, म्हणजे शाळेची बस, उभा असतो, तो चुकला तर घरी जायचं कसं? म्हणजे 'सुट्टीनंतर या' हे लांबच्या वाड्यांवरच्या मुलांसाठी नसतंच. त्यात वस्तू डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेल्या, मोडली तर जबाब शिक्षकाने द्यायचा, म्हणून कपाटाला कुलूप. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत दोनच गोष्टी मागा: आठवड्याला एक जोड तासिका वेळापत्रकातच, आणि वायर, एलईडी, सेन्सर यांची नोंद वापरून संपणाऱ्या सामानात.

थ्रीडी प्रिंटरचा हट्ट आधी नको. पावसाळ्यात त्याचं फिलामेंट, म्हणजे छपाईची प्लास्टिकची तार, हवेतली ओल शोषतं, छपाईत नको तिथे बारीक धागे सुटतात. मध्येच वीज गेली तर वस्तू अर्धवट राहते.

त्यापेक्षा एक अर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), ब्रेडबोर्ड (डाग न देता सर्किट जोडायची पट्टी) आणि वीज मोजायचा मल्टिमीटर घेऊन द्या. आणि काम घरातलंच द्या: कुळागरातली, म्हणजे पोफळीच्या बागेतली, टाकी भरली की पंप बंद व्हावा, पोफळींना पाणी कधी लावायचं ते कळावं. मातीत खुपसायचा स्वस्त सेन्सर थोड्याच दिवसांत गंजतो, आकडे भरकटतात. का, हे तिलाच शोधू दे. मग कपॅसिटिव्ह सेन्सर आणा, त्याचा धातू मातीला उघडा लागत नाही. पंपाच्या विजेच्या लाइनला मात्र तिने एकटीने हात लावायचा नाही, तिथे वायरमन हवाच.

खेड्यात हे होत नाही असं कुणी म्हटलं तर पाबळचं सांगा. पुणे जिल्ह्यातल्या त्या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी कुणालाही वस्तू बनवता येतील अशी कार्यशाळा म्हणजे फॅब लॅब; अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक तिथेच उभी राहिली.

जवळच्या एखाद्या शाळेत अटल लॅब असेल, तर तुमच्या मुख्याध्यापकांनी तिथल्या मुख्याध्यापकांना पत्र द्यावं. आजूबाजूच्या मुलांनाही लॅब वापरू द्यावी, अशीच त्या योजनेची अपेक्षा आहे. पत्रात महिन्यातला एक शनिवार, मुलांची संख्या आणि सोबत येणाऱ्या शिक्षकांचं नाव लिहा, आणि त्या दिवशी बालरथ मिळेल का ते संस्थेला आधीच विचारून ठेवा.