स्वस्त लेसरनं पत्र्याची थरथर मोजता येईल का?

प्रश्न : चारही कडा आवळलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा स्पीकरनं थरथरवून त्याची कंपनं मोजायची आहेत. लेसर व्हायब्रोमीटर आवाक्याबाहेर आहे, कंपनरोधी टेबलही नाही. साध्या लाल लेसर डायोडवर भागेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नक्की भागेल. फक्त होलोग्राफीच्या नादी आत्ताच लागू नका. तिथं वस्तूवरून आलेला प्रकाश वेगळ्या वाटेनं आलेल्या संदर्भ किरणाशी मिसळून काळे-उजळ पट्टे उमटतात, त्यामुळे टेबल जरा हललं की ते विस्कटतात. मी विद्यार्थ्यांना शिअरोग्राफीच सुचवते. पत्र्यावर पसरलेला लेसरचा प्रकाश बीम स्प्लिटर (किरण दोन भागांत वाटणारी काच) आणि दोन आरशांतून कॅमेऱ्यात घ्यायचा, एक आरसा किंचित तिरका ठेवायचा. पत्र्याच्या दोन प्रतिमा थोड्या सरकून एकमेकींवर पडतात. दोन्ही किरणांची वाट जवळजवळ सारखीच असते, म्हणून साधा डायोडही चालतो. त्याला आधी नीट तापू द्या. नाहीतर तरंगलांबी उड्या मारते.

पत्रा शांत असतानाची फ्रेम साठवा आणि थरथरतानाच्या फ्रेममधून ती वजा करा. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर बंद हवं, फाइल कॉम्प्रेस केलेली नको. लेन्सचं छिद्र एफ/८ ला ठेवलंत तर लेसरच्या प्रकाशात दिसणारे दाणेदार ठिपके कॅमेऱ्यात साधारण ६ मायक्रॉनचे पडतात. ३ मायक्रॉनच्या पिक्सेलला हे छान जमतं. ४०० हर्ट्झची थरथर असेल तर १/३० सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये १३ आवर्तनं मावतात आणि त्यांची सरासरी चित्रात उमटते, म्हणजे महागडा हाय-स्पीड कॅमेरा लागतच नाही!

आता नीट लक्ष द्या, कारण इथं बरेच जण फसतात. वजाबाकीत काळा दिसणारा भाग स्थिरच असेल असं नाही. दोन प्रतिमा सरकलेल्या असल्यानं शिअरोग्राफी शेजारच्या बिंदूंच्या हालचालीतला फरक, म्हणजे पत्र्याचा उतार दाखवते. कंपनाच्या ऐन शिखरावर उतार शून्य असतो, म्हणून सर्वात जास्त हलणारी जागाही काळीच दिसते.

पत्रा नेमका किती हलतो याचा आकडा हवा असेल तर एका बिंदूवर सेल्फ-मिक्सिंग करा. आत फोटोडायोड (प्रकाश मोजणारा भाग) असलेला तीन पायांचा लेसर डायोड घ्या आणि परतणारा प्रकाश त्याच्यातच जाऊ द्या. पत्रा अर्धी तरंगलांबी सरकला की सिग्नलमध्ये एक लाट येते. ६५० नॅनोमीटरला ४० लाटा म्हणजे १३ मायक्रॉन.

हिरवा पॉइंटर मात्र वापरू नका. स्वस्त पॉइंटरमधून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशही निसटू शकतो. शिवाय पत्रा चकचकीत असेल तर त्यावर मॅट पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्या.