रविवारी मुलांना न्यायचं कुठे?

"माई, तीन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून रत्नागिरीला आलो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. रविवार उजाडला की 'आई, कुठे जायचं?' सुरू होतं. इथे पुण्यासारखं काही नाही, हे त्यांना सांगून सांगून मी थकले. यांचं दुकान रविवारीही उघडं. नणंद भाच्यांचे प्लेझोनमधले फोटो पाठवते आणि मला अपराधी वाटतं. शेवटी मुलं मोबाइल घेऊन बसतात. माझी मुलं मागे तर पडणार नाहीत ना?"
– एक आई, रत्नागिरी

नाही गं, मुलं मागे पडत नाहीत, हे आधी सांगून टाकते. मला टोचलं ते 'इथे काही नाही' हे वाक्य. मुलांनी ते इतक्यांदा ऐकलंय की त्यांनाही ते खरं वाटायला लागलं असणार. ते आजपासून बंद कर.

दर रविवारी नवी जागा हवी, हा हट्टही सोड. भाट्याचा किनारा धर, पुन्हा पुन्हा तिथेच जा. पण जायचं ओहोटीला, आणि वेळ मुलाला काढू दे. कॅलेंडरात तिथी बघायची, तीनने गुणून चारने भागायची. उत्तर म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर भरती दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी नऊला. पक्ष कुठलाही असो, हिशेब तोच.

पाणी मागे गेलं की ओल्या वाळूवर नुसतं बसा. इवल्याशा कुर्ल्या बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडाशी नेतात, त्यातलं खाण्याजोगं टिपून घेतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून टाकतात. बघता बघता बिळाभोवती गोळ्यांची रांगोळी होते. कुणी पाय आपटला की सगळ्या गडप. हलायचं नाही एवढीच अट घाल, आणि तुझी पाच वर्षांची लेक किती वेळ बसते ते बघ.

पाण्यात मात्र घोट्याच्या वर नाही. काजळी नदीच्या मुखाकडे तर अजिबातच नाही, तिथे ओढ असते. पावसाळ्यात, नारळी पौर्णिमा होईपर्यंत, समुद्र लांबूनच बघायचा.

त्या महिन्यांत थिबा पॅलेस आहे. ब्रह्मदेशच्या राजाचं राज्य इंग्रजांनी १८८५ मध्ये घेतलं, त्याला इथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. ही गोष्ट तिथे उभं राहून सांग, मुलगा प्रश्नांनी भंडावून सोडेल. उत्तरं शोधायला १८२८ पासूनचं नगर वाचनालय आहेच. थंडीत उक्षी गावाला जा. तिथे सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळावर, खऱ्या हत्तीएवढा हत्ती कोरलाय. तू बोट दाखवू नकोस, सोंड त्यांनाच शोधू दे.

नणंदेचे फोटो रविवारी सकाळी उघडू नकोस. तिच्या मुलांना सुट्टीत तुझ्याकडे बोलाव.

राहिले मुलांचे बाबा. महिन्यातून एक रविवार दुकान तासभर उशिरा उघडलं तर गिऱ्हाईक तुटत नाही. पण 'जमलं तर या' म्हणशील तर ते कधीच जमणार नाही. द्वितीया ते पंचमीमध्ये, म्हणजे ओहोटी सकाळी असताना, येणारा पुढचा रविवार मुलाकडून लाल पेनाने गोल करून घे आणि आज रात्री जेवताना त्यांना दाखव.

– माई