कोपर आपटल्यावर आलेल्या मऊ सुजेतले पाणी सुईने काढावे का?

कोपर कठड्यावर आपटले, टोकावर मऊ, पाणी भरल्यासारखी सूज आली आणि तीन आठवडे झाले तरी ती उतरत नाही, तेव्हा पाणी काढून घ्यावे का, असे आपण विचारले आहे. जंतुसंसर्गाची शंका नसेल तर सुईची घाई करू नये, असे फिजिओथेरपिस्ट म्हणून माझे मत आहे.

कोपराचे हाड आणि कातडी यांच्यामध्ये बर्सा नावाची चपटी पिशवी असते. एरवी तिच्यात वंगणासारख्या द्रवाचा जेमतेम एक थर असतो आणि त्यामुळे कातडी हाडावरून सहज सरकते. मार बसला की पिशवीचे अस्तर सुजते, कधी आत रक्त साकळते आणि द्रव गरजेपेक्षा जास्त पाझरू लागतो. तो शरीर स्वतःच शोषून घेते. मात्र त्याला बहुधा काही आठवडे आणि क्वचित काही महिनेही लागतात, कारण बोलताना, लिहिताना, फोन धरताना आपण नकळत कोपर टेकवतो आणि बरे होत आलेले अस्तर पुन्हा डिवचले जाते. म्हणून कोपराखाली मऊ पॅड बांधावे आणि सूज चोळू नये (चोळून पाणी जिरवण्याचा सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नये). जुनी सूज दाबल्यावर बोटांना तांदळासारखे कण लागतात. ते हाडाचे तुकडे वाटले, तरी बहुधा जाड झालेल्या अस्तराच्या गाठी असतात.

पाणी काढले तरी ते अनेकदा पुन्हा भरते, शिवाय सुईवाटे जंतू आत जाण्याचा धोका असतो. संसर्गाची किंवा गाउटची (युरिक अ‍ॅसिडचे कण साठून होणाऱ्या सांधेदुखीची) शंका असेल तेव्हा मात्र ते तपासणीसाठी काढावेच लागते. सूज गरम आणि लाल झाली, ताप आला, जवळपास खरचटलेले असेल किंवा आपल्याला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कोपर पूर्ण सरळ करताना कळ येत असेल, तर दुखणे केवळ पिशवीचे नसून सांध्याचे किंवा हाडाचे असू शकते. अशा वेळी एक्स-रे काढून घ्यावा.

शस्त्रक्रियेने पिशवी काढण्याची वेळ फार थोड्यांवर येते आणि काढल्यावरही त्या जागी कालांतराने तशीच पिशवी पुन्हा तयार होऊ शकते.