वाचकांचे प्रश्न : वाय-फायशिवाय लॅपटॉपवर इंटरनेट

या वेळी उत्तरांसाठी निवडलेली पत्रे एकाच अडचणीभोवतीची आहेत. लॅपटॉप आहे, इंटरनेटची जोडणी आहे, पण वाय-फाय चालत नाही, पुरेसे चालत नाही किंवा वापरायचेच नाही. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक बाब स्पष्ट करणे आवश्यक वाटते. घरातील इंटरनेट बहुधा तारेने राउटरपर्यंत येते आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचे शेवटचे काही मीटर अंतर वाय-फाय रेडिओलहरींनी कापते. त्यामुळे वाय-फाय बंद पडले म्हणून इंटरनेट बंद पडले असे समजण्याचे कारण नाही. ते शेवटचे अंतर कापण्याचे इतरही मार्ग आहेत आणि त्यांतील काही अधिक भरवशाचे आहेत.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचे वाय-फाय अचानक बंद झाले असून नेटवर्कच्या यादीत त्याचे चिन्हही दिसत नाही. विद्यार्थ्यांच्या परीक्षेचे काम ऑनलाइन चालू असल्याने लॅपटॉप आत्ता दुरुस्तीला देता येत नाही. घरात राउटर व्यवस्थित चालू आहे. तात्पुरता काय उपाय करावा? (एक शिक्षिका)

उत्तर : सर्वप्रथम एअरप्लेन मोड चुकून चालू झालेला नाही ना, हे पाहावे. अनेक लॅपटॉपच्या कीबोर्डवर त्याची स्वतंत्र कळ असते आणि ती नकळत दाबली जाते. त्यानंतर लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. एवढे करूनही चिन्ह परत आले नाही, तर दोष ड्रायव्हरमध्ये (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) किंवा आतील वाय-फाय कार्डमध्ये असण्याची शक्यता आहे आणि त्याचा शोध काम संपल्यावर निवांतपणे घेता येईल.

आपल्याकडे अँड्रॉइड फोन असल्यास तो यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडावा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग असा विभाग असतो, त्यातील यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट केबलने दुसऱ्या उपकरणाला देण्याची सोय, चालू करावे. केबल जोडलेली नसताना हा पर्याय फिकट दिसतो आणि दाबला जात नाही, म्हणून केबल आधी जोडावी. काही क्षणांत विंडोजला एक नवे नेटवर्क सापडते आणि इंटरनेट सुरू होते. या पद्धतीचा एक फायदा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही : फोन स्वतः घरातील वाय-फायला जोडलेला असेल, तर अँड्रॉइड फोन तेच इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देतो. म्हणजे लॅपटॉपच्या बिघडलेल्या वाय-फाय कार्डाचे काम फोन करतो आणि आपला मोबाइल डेटाही खर्च होत नाही. आपल्या परिस्थितीत हाच उपाय सर्वांत जवळचा आहे.

फोन जोडूनही काहीच घडले नाही, तर आधी केबलवर संशय घ्यावा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये माहितीच्या दोन तारा पुष्कळदा नसतातच. अशा केबलने फोन चार्ज होतो, परंतु लॅपटॉपला तो दिसत नाही आणि टेदरिंगचा पर्याय फिकटच राहतो. ज्या केबलने फोनमधील छायाचित्रे लॅपटॉपवर घेता येतात, ती केबल या कामासाठी योग्य समजावी.

आयफोन असल्यास पर्सनल हॉटस्पॉट चालू करून केबल जोडावी आणि फोनवर या संगणकावर विश्वास ठेवायचा का असे विचारले जाते, तेथे होकार द्यावा. विंडोज लॅपटॉपवर त्यासाठी ॲपलचे सॉफ्टवेअर आधीपासून असावे लागते. उलट बाजूने, मॅकवर अनेक अँड्रॉइड फोनांचे यूएसबी टेदरिंग चालत नाही, कारण हे फोन त्यासाठी आरएनडीआयएस ही मायक्रोसॉफ्टची पद्धत वापरतात आणि मॅकमध्ये ती मुळातून नसते. अशा वेळी फोन बदलून पाहावा किंवा पुढील उत्तरात दिलेला मार्ग धरावा.

प्रश्न : व्हिडिओ बैठकीत माझा आवाज वारंवार तुटतो. लॅन केबल वापरावी असे मला सुचवण्यात आले, परंतु हे तंत्र आता जुने झाले नाही का? शिवाय माझ्या पातळ लॅपटॉपला त्या केबलची जागाच नाही. (घरून काम करणारे एक वाचक)

उत्तर : आपल्याला दिलेला सल्ला योग्य आहे. लॅन केबलमागील, म्हणजे राउटर आणि लॅपटॉप यांना थेट जोडणाऱ्या तारेमागील, ईथरनेट हे तंत्र १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून आकाराला आले, हे खरे. परंतु त्यानंतर ते सतत सुधारत गेले आणि आजही मोठी कार्यालये व डेटा सेंटर त्यावरच चालतात. वाय-फायवर एका वाहिनीवरील सर्व उपकरणांना आळीपाळीने बोलावे लागते, शेजाऱ्यांचे राउटरही त्याच लहरींवर असू शकतात आणि भिंतींमुळे संकेत क्षीण होतो. केबलमधून माहिती एकाच वेळी दोन्ही दिशांना जाते आणि त्या तारेत दुसरा वाटेकरी नसतो. बैठकीत आवाज तुटतो तो बहुधा वेग कमी असल्यामुळे नव्हे, तर माहितीचे तुकडे कधी लवकर, कधी उशिरा पोहोचल्यामुळे. राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधील ही अनियमितता केबलने जवळजवळ नाहीशी होते. मात्र आवाज केबलवरही तुटत राहिला, तर दोष राउटरच्या पलीकडे, सेवा देणाऱ्या कंपनीच्या बाजूला आहे असे समजून तक्रार नोंदवावी.

लॅपटॉपला जागा नसल्यास यूएसबीतून लॅन केबल जोडण्याचा छोटा ॲडॉप्टर मिळतो. तो घेताना यूएसबी ३.० चा आणि गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट) क्षमतेचा आहे याची खात्री करावी. यूएसबी २.० ची कमाल क्षमताच सेकंदाला ४८० मेगाबिट असल्याने त्या प्रकारचे ॲडॉप्टर गिगाबिट वेग देऊ शकत नाहीत, आणि त्यांतील बरेचसे १०० मेगाबिटच्या पुढे जात नाहीत. केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रकारची घ्यावी. घरगुती जोडणीसाठी कॅट ५ई पुरेशी असते, कारण ती १०० मीटर अंतरापर्यंत सेकंदाला एक गिगाबिट इतका वेग वाहून नेऊ शकते. महागड्या केबलने इंटरनेट अधिक वेगवान होईल या आशेने अधिक खर्च करू नये. दाराखालून न्यायची असेल तर चपटी केबल सोयीची पडते.

केबल लावताना प्लगवरील प्लॅस्टिकचा खटका टक्क आवाज करून बसला पाहिजे. हा खटका मोडलेली केबल वरवर जोडलेली दिसते, परंतु लॅपटॉप जरा हलला की सैल होते, आणि मग दिवसभर जोडणी जाते-येते. प्लग नीट बसल्यावर राउटरच्या त्या छिद्राशी असलेला छोटा दिवा लागतो आणि माहितीची ये-जा सुरू झाली की लुकलुकतो. दिवा लागलाच नाही, तर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नये. केबल बदलावी किंवा राउटरचे दुसरे छिद्र वापरावे. ही केबल राउटरच्या लॅन लिहिलेल्या छिद्रात जायला हवी, कारण वॅन लिहिलेले छिद्र बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी असते.

दिवा लागला आहे, पण इंटरनेट नाही, अशी स्थिती असेल तर नेटवर्कच्या तपशिलात लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील त्याचा ओळखक्रमांक, पाहावा. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळे लॅपटॉपने तो स्वतःच ठरवून घेतलेला आहे. अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा सुरू केल्यास बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. वेग १०० मेगाबिटवरच अडकला असेल, तर तोही बहुधा केबलचाच दोष असतो. केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात, गिगाबिटसाठी चारही लागतात, आणि एखादी तार तुटली की उपकरणे दोन जोड्यांवर चालणाऱ्या १०० मेगाबिटवर उतरतात.

प्रश्न : प्रवासात मी लॅपटॉप फोनला केबलने जोडून वापरतो. साधे ईमेल पाहिले तरी दिवसाचा डेटा तासाभरात संपतो. हा डेटा जातो कोठे? (एक विक्री प्रतिनिधी)

उत्तर : यूएसबी टेदरिंगने जोडलेला फोन विंडोजला ईथरनेटसारखा दिसतो. ही जोडणी मर्यादित आहे हे विंडोजला कळत नाही, त्यामुळे अद्ययावतीकरणाच्या मोठ्या फाइली उतरवणे, छायाचित्रे क्लाउडवर चढवणे अशी कामे पार्श्वभूमीवर चालू राहतात. ईमेल फार थोडा डेटा घेतो. आपला डेटा बहुधा या कामांनी संपवला आहे. उपाय सोपा आहे. फोन जोडलेला असताना विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क विभागात जावे, ईथरनेटच्या पानावर मीटर्ड कनेक्शन हा पर्याय चालू करावा. त्यानंतर विंडोज बहुतेक अद्ययावतीकरणे थांबवून ठेवते. क्लाउडचे सॉफ्टवेअर मात्र या सूचनेला जुमानेलच असे नाही, म्हणून ते प्रवासापुरते स्वतंत्रपणे थांबवावे. कोणत्या प्रोग्रामने किती डेटा वापरला हे सेटिंगमधील डेटा युसेज या पानावर पाहता येते. काही मोबाइल योजनांमध्ये टेदरिंगसाठी वेगळी मर्यादा असते, तीही एकदा तपासून घ्यावी.

आपण केबल वापरता हे उत्तम आहे. हॉटस्पॉटवर फोन तापतो आणि बॅटरी भरभर उतरते; केबलवर फोन चार्ज होत राहतो. त्याचा भार लॅपटॉपच्या बॅटरीवर पडतो, एवढे लक्षात ठेवावे. खोलीत मोबाइलचा संकेत कमी असेल, तर फोन खिडकीशी ठेवून लांब केबल वापरता येईल, मात्र यूएसबी २.० च्या केबलची लांबी ५ मीटरपेक्षा अधिक नसावी.

रोजच असे काम करावे लागत असल्यास स्वतंत्र सिमकार्डाचा यूएसबी डोंगल घेण्याचा विचार करावा. फोन मोकळा राहतो आणि कॉल आला म्हणून काम अडत नाही. नवा लॅपटॉप घेणार असाल, तर सिमकार्डाची किंवा ई-सिमची अंगभूत सोय असलेला घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. सतत फिरतीवर असणाऱ्या माणसाला इतकी सुटसुटीत सोय दुसरी नाही.

प्रश्न : ब्लूटूथने लॅपटॉपला इंटरनेट देता येते का?

उत्तर : येते. फोनवर ब्लूटूथ टेदरिंग चालू करून लॅपटॉपशी जोडी जुळवावी लागते. परंतु वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन मेगाबिट मिळतो. ईमेल आणि मजकुराची पाने एवढ्यावर भागते, व्हिडिओवर नाही. शिवाय बहुतेक लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात, त्यामुळे कार्ड बिघडले असेल तर हा मार्गही बंद होतो. केबल हाताशी नसेल तेव्हाच याकडे वळावे.

प्रश्न : विंडोज नव्याने टाकल्यावर वाय-फायचा ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट नाही. यातून कसे सुटावे? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : पहिल्या उत्तरातील यूएसबी टेदरिंग येथेही उपयोगी पडते, कारण अँड्रॉइड फोनसाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आणि बहुतेक लिनक्स वितरणांमध्ये आधीच असतो. तात्पुरते इंटरनेट मिळाले की लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवावा. दुसरा संगणक उपलब्ध असेल, तर तो पेन ड्राइव्हवर आणूनही काम होते.

प्रश्न : राउटर घराच्या एका टोकाला आहे आणि भिंतींना छिद्रे पाडण्याची परवानगी नाही. विजेच्या तारांतून इंटरनेट नेणारी उपकरणे भरवशाची असतात का?

उत्तर : कामाची असतात, परंतु घरातील वायरिंगनुसार अनुभव बदलतो. ही उपकरणे जोडीने येतात. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावून राउटरला लॅन केबलने जोडायचे, दुसरे लॅपटॉपजवळच्या सॉकेटमध्ये. दोन्ही थेट भिंतीतील सॉकेटमध्येच लावावीत. एक्स्टेंशन बोर्ड, विशेषतः विद्युतदाबाच्या उसळीपासून संरक्षण देणारा, या संकेताला अडवतो किंवा दुबळा करतो. खोक्यावर छापलेला वेग प्रत्यक्षात मिळत नाही; त्याचा लहानसा हिस्सा मिळाला तरी बैठकींना तो पुरतो. परत करण्याची मुभा असेल तेथूनच विकत घ्यावे. जोडी जुळवण्याचे बटण असते ते अवश्य वापरावे, म्हणजे माहिती सांकेतिक स्वरूपात जाते आणि त्याच वायरिंगवरील दुसऱ्याला ती वाचता येत नाही.

प्रश्न : राउटर बिघडला आहे. मोडेमची केबल थेट लॅपटॉपला लावली, पण इंटरनेट येत नाही. (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : आपली जोडणी पीपीपीओई प्रकारची असण्याची शक्यता आहे. अशा जोडणीत नाव आणि पासवर्ड देऊन प्रवेश करावा लागतो आणि एरवी ते काम राउटर गुपचूप करतो. विंडोजमध्ये नवी ब्रॉडबँड जोडणी तयार करून ही माहिती स्वतः भरावी. हा पासवर्ड वाय-फायचा नसून सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेला असतो. तो सापडत नसल्यास कंपनीकडून मागून घ्यावा. नाव-पासवर्ड लागत नसेल, तर मोडेम काही मिनिटे पूर्ण बंद ठेवून पुन्हा सुरू करावा, कारण काही मोडेम आधी जोडलेल्या उपकरणाचीच ओळख धरून ठेवतात. राउटर मधून काढला की बाहेरच्या जगापासून मिळणारा त्याचा आडोसाही जातो. म्हणून लॅपटॉपचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारे सॉफ्टवेअर, चालू ठेवावा, नेटवर्कचा प्रकार पब्लिक निवडावा आणि नवा राउटर आला की ही केबल पुन्हा त्यालाच जोडावी.